अर्ध्या मिलिवॉटचा कारभार

हेडफोन ही वस्तू जन्माला आली तेव्हा तिला विवर्धकाची गरज नव्हती, ही गोष्ट दुकानाच्या काचेआड ओळीने मांडलेल्या काळ्या-रुपेरी पेट्यांकडे पाहताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १९२०च्या दशकात जे लोक स्फटिकाच्या रेडिओवर, म्हणजे शिशाच्या खनिजाच्या एका खड्यावर बारीक तारेचे टोक टेकवून सिद्ध केलेल्या संचावर, दूरच्या केंद्राचे प्रक्षेपण ऐकत, त्यांच्यापाशी ना बॅटरी होती ना विजेची जोडणी. एरियलच्या तारेने हवेतून जी काय ऊर्जा वेचून आणली तेवढ्यावरच कानापाशी बसवलेला पातळ लोखंडी पडदा हालत असे, आणि त्या पडद्यामागच्या चुंबकावर केसासारख्या तारेचे असंख्य वेढे दिलेले असल्यामुळे त्याचा संरोध, ज्याला व्यवहारात इंपीडन्स म्हणतात, २,००० ओहमच्या घरात जाई. त्याच्याही आधी, १९१० साली, अमेरिकेतील यूटा प्रांताच्या नॅथॅनिएल बाल्डविन याने आपल्या स्वयंपाकघरात बसून बनवलेले हेडफोन नौदलाला पाठवले होते आणि नौदलाने ते पसंत करून आणखी मागवले होते. ज्या वस्तूचा उगम इतका अल्पसंतुष्ट, तिच्या दिमतीला आज पाच-दहा किलो वजनाचे, तापलेले, दिव्यांनी लखलखणारे कारभारी नेमण्याची प्रथा कशी पडली आणि त्यांपैकी कोणाची नेमणूक खरोखर आवश्यक आहे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

प्रथा पडण्याचे कारण शोधू गेले तर ते १९५८ सालाशी येऊन थांबते. त्या वर्षी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात जॉन कॉस आणि त्यांचे सहकारी मार्टिन लँग यांनी एका ध्वनिप्रदर्शनात हातातून नेता येण्याजोगा ग्रामोफोन मांडला होता आणि एकट्याने ऐकण्याची सोय म्हणून त्याच्यासोबत एस.पी. ३ नावाचे स्टिरिओ हेडफोन ठेवले होते. लोकांनी ग्रामोफोनकडे पाठ फिरवून त्या सोबतच्या वस्तूभोवतीच गर्दी केली. जर्मनीतील ऑयगेन बायर यांच्या कारखान्याने हलत्या वेटोळ्याचा डी.टी. ४८ हा हेडफोन १९३७ सालीच काढला होता, पण तो प्रामुख्याने व्यावसायिकांच्या कामी येई. कॉस यांच्यानंतर मात्र हेडफोन दिवाणखान्यात आला, आणि दिवाणखान्यातल्या मोठ्या विवर्धकांच्या दर्शनी पट्टीवर, टेलिफोन केंद्रांतल्या जुन्या स्विचबोर्डावरून उचललेल्या पाव इंची खुंटीसाठी, एक छिद्र पाडणे कारखानदारांना भाग पडले.

ते छिद्र पाडताना त्यांनी जी काटकसर केली तिच्या पोटी पुढचा सारा व्यवहार जन्मला. हेडफोनसाठी स्वतंत्र मंडल बसवण्याऐवजी स्पीकरकडे निघालेल्या प्रवाहालाच मध्ये काहीशे ओहमचा एक रोधक घालून तो छिद्राकडे वळवण्यात आला. पाटाच्या पाण्याला आडवा दगड लावून वाफ्यापुरती चारी काढावी, त्यातलाच हा प्रकार. रोधकाची किंमत काही पैसे. कान वाचावेत आणि हेडफोन जळू नयेत, एवढाच त्याचा हेतू होता, आणि तो सफलही झाला. पुढे १९९६ साली आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने आपल्या ६१९३८ क्रमांकाच्या मानकात हेडफोनच्या उगमाचा संरोध १२० ओहम असावा अशी शिफारस नमूद केली, तेव्हा या वहिवाटीला जणू दप्तरी मान्यता मिळाली. ज्यांच्याकडे १९७० किंवा १९८०च्या दशकातला जुना जपानी विवर्धक अद्याप चालू स्थितीत आहे, त्यांच्या हेडफोनला मिळणारा आवाज बहुधा याच चारीतून येतो.

आता मूळ प्रश्न. स्वतंत्र विवर्धक, ज्याला शौकीन मंडळी नुसते अँप म्हणतात, घ्यावा की न घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर विवर्धकांच्या जाहिरातीत नसते, ते हेडफोनच्या खोक्याच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि वाचकाने माझे बाकी काही न ऐकले तरी चालेल पण आधी ते खोके उलटे करून पाहावे असा माझा आग्रह आहे. तेथे दोन आकडे असतात. एक संरोधाचा, ओहममध्ये. दुसरा संवेदनक्षमतेचा, म्हणजे अमुक एवढी वीज दिली असता किती डेसिबल आवाज निघेल याचा. या दुसऱ्या आकड्यात एक मेख आहे ती अशी की, कोणी तो १ मिलिवॉटला किती म्हणून सांगतात तर कोणी १ व्होल्टला किती म्हणून, आणि दोहोंची सरमिसळ करणारा ग्राहक शेर आणि पायली एकाच खात्यात मांडणाऱ्या कारकुनासारखा फसतो.

उदाहरणासाठी सेनहायझर कंपनीचा एच.डी. ६५० घेऊ. २००३ साली आलेला हा हेडफोन इतका प्रसिद्ध आहे, आणि त्याला चांगला विवर्धक लागतो हे वाक्य त्याच्याविषयी इतक्यांदा उच्चारले गेले आहे, की हिशेबासाठी याहून योग्य आरोपी मिळणे कठीण. त्याचा संरोध ३०० ओहम आणि संवेदनक्षमता १ व्होल्टला १०३ डेसिबल. घरात रात्री एकट्याने बसून आपण जे संगीत ऐकतो त्याची सरासरी पातळी ७५ डेसिबल धरली, आणि ख्यालाच्या विलंबित आलापीपासून द्रुतातल्या तानेपर्यंत किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या एकदम उसळणाऱ्या घोषापर्यंत जाण्यासाठी आणखी २० डेसिबलची मोकळीक ठेवली, तर शिखरावर ९५ डेसिबल लागतील. त्यासाठी या हेडफोनला ०.४ व्होल्ट दाब पुरतो. आणि दाबाचा वर्ग करून त्याला संरोधाने भागले असता शक्ती येते या शाळकरी नियमाने ती शक्ती भरते सुमारे अर्धा मिलिवॉट. एका वॉटचा दोन-हजारावा हिस्सा! मोबाइलला लावायचा जो बोटभर लांबीचा तुकडा मिळतो त्यातल्या अनेकांतून १ व्होल्ट सहज निघतो. तेव्हा “तुझ्या हेडफोनला हा तुकडा अजिबात चालवू शकत नाही” असे कोणी अधिकारवाणीने सांगू लागला तर त्याच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवावी.

परंतु हिशेब येथेच आवरता घेणे हाही एकांगीपणाच ठरेल. सर्व ध्वनिमुद्रणे सारख्या उंचीची नसतात; आजचे चित्रपटसंगीत शेवटच्या रेषेपर्यंत ठासून भरलेले असते, तर बैठकीच्या मैफलीची जुनी टेप किंवा एखादे काळजीपूर्वक केलेले वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण इतक्या खालच्या पातळीवर असते की आवाजाची कळ पूर्ण फिरवूनही समाधान होत नाही. म्हणून शिखराची मर्यादा ११० डेसिबल धरून तेवढा साठा जवळ असावा, असे मानणे शहाणपणाचे आहे. हेडफोन तोच, तर आता लागतील २.२ व्होल्ट आणि सुमारे १७ मिलिवॉट. हा दाब मात्र अशा अनेक बोटभर तुकड्यांच्या आवाक्याबाहेरचा, आणि स्वतंत्र विवर्धकाच्या बाजूने देता येणारा पहिला प्रामाणिक पुरावा हाच.

या हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला हायफायमन कंपनीचा एच.ई. ६ हा सपाट पडद्याचा हेडफोन बसवावा. त्याचा संरोध अवघा ५० ओहम, म्हणजे नवख्याला तो चालवायला सोपा वाटेल. पण त्याची संवेदनक्षमता १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबल इतकी तुटपुंजी, की ११० डेसिबल गाठण्यासाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॉट, पावणेपाच व्होल्ट आणि ९५ मिलिअँपिअर प्रवाह मोजावा लागतो. एच.डी. ६५०ला तेच शिखर गाठायला साडेसात मिलिअँपिअर पुरले होते. एकाला दाब हवा आहे, दुसऱ्याला दाबाबरोबर प्रवाहही. एक उंच पण बारीक धारेवर तृप्त होतो, दुसऱ्याला मोठ्या व्यासाचा नळच लागतो. एच.ई. ६चे कित्येक मालक हेडफोनच्या विवर्धकांचा नाद सोडून तो सरळ स्पीकरच्या विवर्धकाला जोडत, यात नवल करण्यासारखे काही नाही. ओहमचा आकडा मोठा म्हणजे हेडफोन अवघड आणि लहान म्हणजे सोपा, ही समजूत बाजारात इतकी रुजलेली आहे की तिच्यावर कित्येकांचा चरितार्थ चालत असावा.

येथपर्यंत बळाची गोष्ट झाली. दुसरी गोष्ट स्वभावाची आहे, आणि माझ्या मते निवडीचा खरा कस तिच्यातच लागतो. विवर्धकालाही आपला स्वतःचा एक संरोध असतो, उगमसंरोध, आणि तो हेडफोनच्या संरोधाशी दाबाची वाटणी करतो. हेडफोनचा संरोध सर्व कंप्रतांना समान असता तर या वाटणीने केवळ आवाज थोडा उतरला असता, चारित्र्य बदलले नसते. पण खोक्यावर ३०० ओहम छापलेले असले तरी तो आकडा केवळ नावापुरता, एच.डी. ६५०चा पडदा शंभर हर्ट्झच्या आसपास स्वतःच्या नैसर्गिक कंपनात येतो आणि तेथे त्याचा संरोध ५०० ओहमच्या जवळपास चढतो. आता जुन्या मानकाप्रमाणे १२० ओहमचा उगम मागे असेल तर ३०० ओहमच्या भागात सुमारे तीन डेसिबल गळतात, आणि ५०० ओहमच्या भागात दोनाहून थोडे कमी; म्हणजे खर्जाला एक डेसिबलचा उठाव मिळतो. तबल्याच्या डग्ग्याला किंचित गोलाई येते, गायकाच्या छातीतला आवाज जरा भरल्यासारखा वाटतो. पुष्कळांना हे आवडते. आवडण्यास हरकतही नाही, फक्त त्याला विवर्धकाची ‘संगीतमयता’ असे गूढ नाव देऊन त्याचे जादा दाम आकारू नये.

हाच १२० ओहमचा उगम एखाद्या कानात खुपसायच्या, अनेक सूक्ष्म स्वनकांच्या इअरफोनला लावला की परिस्थिती निराळी होते. अशा इअरफोनचा संरोध एका कंप्रतेला दहा ओहम तर दुसरीला चाळीस असाही असू शकतो, आणि मग दाबाची वाटणी इतकी विषम होते की कारागिराने महिनोन्‌महिने खपून जुळवलेला स्वरसमतोल मूळ ओळखू येऊ नये इतका विस्कटतो. सपाट पडद्याच्या हेडफोनांना मात्र यातले काहीच बाधत नाही, कारण त्यांचा संरोध जवळजवळ सरळ रेषेत चालतो. यासाठी रूढ असलेला ठोकताळा असा की, विवर्धकाचा उगमसंरोध हेडफोनच्या संरोधाच्या अष्टमांशाहून अधिक नसावा: ३०० ओहमला साधारण ३७, ३२ ओहमला ४, १६ ओहमला २. आजचे बहुतेक बरे विवर्धक १ ओहमच्याही खाली असतात, तेव्हा हा आकडा माहितीपत्रकात सापडत नसेल तर तो विसरून राहिला असे समजण्यापेक्षा तो दडवला असे समजावे.

तिसरी गोष्ट कोणी फारशी सांगत नाही, पण रोजच्या वापरात हीच अधिक सतावते, ती म्हणजे विवर्धनाचे प्रमाण, गेन. सी.डी. वाजवणाऱ्या यंत्रातून किंवा आजच्या अंकीय रूपांतरकातून, ज्याला डॅक म्हणतात, साधारणतः २ व्होल्ट बाहेर पडतात. आपल्या एच.डी. ६५०ला शिखरावर हवे होते २.२ व्होल्ट. म्हणजे विवर्धकाने दाब वाढवण्याची गरज जवळजवळ नाहीच. त्याने केवळ मागे उभे राहून प्रवाहाची हमी घ्यायची. असे असता कित्येक कारखानदार आपले यंत्र सहापट, दहापट विवर्धन करील अशी तजवीज करून ठेवतात, कारण दुकानात कळ जराशी फिरवताच आवाज गडगडला की ग्राहकाची खात्री पटते. घरी आणल्यावर मात्र ती कळ घड्याळातल्या आठ-नऊच्या काट्यापलीकडे नेता येत नाही. आणि साध्या कार्बनच्या कळीचा नेमका हाच भाग सर्वांत गैरविश्वासू असतो, डाव्या-उजव्या पट्ट्या तेथे एकमेकींशी जुळत नाहीत आणि मध्यभागी बसलेला गायक डाव्या कानाकडे सरकून बसतो. रात्री हळू आवाजात तानपुरा ऐकणाऱ्याला हा दोष जितका जाणवतो तितका दुसऱ्या कोणालाही नाही. म्हणून ज्याच्यावर विवर्धनाचे प्रमाण कमी-अधिक करण्याचा खटका आहे, आणि कमीच्या बाजूला ते एकपट किंवा त्याच्या जवळपास आहे, असाच विवर्धक घ्यावा. टप्प्याटप्प्याने फिरणारी कळ, जिच्या प्रत्येक टप्प्यावर निवडून बसवलेले रोधक असतात, मिळाली तर दुधात साखर. न मिळाली तरी कमी विवर्धन हा तिचा निम्म्या खर्चातला पर्याय आहे.

तानपुऱ्याचे नाव निघालेच आहे तर निर्वात नलिकांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या विवर्धकांविषयी येथेच बोललेले बरे, कारण त्यांचे आकर्षण आणि त्यांची मर्यादा ही दोन्ही समजावून घ्यायला आपल्या कानाजवळ याहून चांगले साधन नाही. कोणताही विवर्धक मूळ सुरात स्वतःची काही भर घालतो. हिला विकृती म्हणतात. सा हा सूर दिला असता साध्या नलिकामंडलाची भर मुख्यत्वे दुप्पट कंप्रतेची असते, आणि सा-ची दुप्पट म्हणजे तार षड्जच. तिप्पट कंप्रतेची भर पडली तर तो वरच्या सप्तकातला पंचम, आणि पाचपटीची पडली तर गंधार, ज्याला तानपुऱ्याच्या संदर्भात आपण कौतुकाने स्वयंभू गंधार म्हणतो. जवारीचा धागा सारून तानपुऱ्यात जे आपण हेतुपुरस्सर निर्माण करतो, त्याचाच एक अंश नलिका न सांगता निर्माण करते. एकट्या आवाजावर किंवा एकट्या वाद्यावर ही भर कानाला गोड लागते, त्यात विसंवादी असे काही नसते. पण एकाच वेळी दहा वाद्ये वाजू लागली की त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा आणि वजाबाक्या करून मंडल जे नवे सूर उत्पन्न करते त्यांचे षड्जाशी काही नाते नसते, आणि मघाची गोडी गढूळ होते. ज्याचा बहुतेक काळ रागसंगीत ऐकण्यात जातो त्याने नलिकेच्या मोहात पडल्यास मी त्याला दोष देणार नाही. ज्याला सिंफनी ऐकायची आहे त्याने विचार करावा.

त्यातही एक व्यावहारिक अट आहे. रोहित्राविना चालणारे नलिकाविवर्धक, ज्यांत मूळची नियमित वीजपुरवठ्यासाठी घडवलेली ६०८० जातीची नलिका पुष्कळदा वापरलेली आढळते, त्यांचा उगमसंरोध कित्येक दहाई ओहम असतो, कधी शंभराच्याही वर. ३०० किंवा ६०० ओहमच्या हेडफोनशी त्यांचा संसार सुखाचा होतो. ३२ ओहमच्या हेडफोनला ते पुरेसा प्रवाह देऊ शकत नाहीत आणि आवाज फाटतो. म्हणजे येथेही हेडफोन आधी, विवर्धक नंतर. याउलट ट्रान्झिस्टरच्या किंवा एकात्म मंडलाच्या साध्या यंत्रात आज विकृती एक सहस्रांश टक्क्याच्याही खाली गेलेली आहे आणि ती ऐकू येण्याचा प्रश्न उरलेला नाही. अशा दोन यंत्रांमध्ये आवाजाचा फरक सांगणाऱ्या लांबलचक परीक्षणांकडे मी ललित वाङ्मय म्हणून पाहतो.

फरक ऐकू येतो असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटते त्यांच्यासाठी एक पथ्य सांगतो. दोन विवर्धकांपैकी ज्याचा आवाज अर्धा डेसिबल जरी अधिक असेल तो आपल्याला ‘अधिक’ असा न वाटता ‘चांगला’ वाटतो. कानाची ही खोड दुकानदाराला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. म्हणून एकाच कंप्रतेचा स्थिर सूर लावून, हेडफोन जोडलेला असतानाच, मल्टिमीटरने दोन्हींचा दाब मोजून कळा सारख्या कराव्यात आणि मग दुसऱ्या कोणाला तरी तारा बदलायला सांगून डोळे मिटून ऐकावे. हे केल्यावर दहापैकी किती निकाल टिकतात ते वाचकाने स्वतःच पाहावे. मी पाहिले तेव्हा दोन यंत्रे विकून टाकली.

स्वतःच्या मूर्खपणाची एक गोष्टही येथे नोंदवून ठेवतो. काही वर्षांपूर्वी अमेरिकेहून परतलेल्या एका गृहस्थांकडून मी एक छानसा लहान विवर्धक जुन्या भावात घेतला. भिंतीत खोचायचा त्याचा जो ठोकळा होता त्यावर ११५ व्होल्ट असे स्वच्छ छापलेले होते; ते मी वाचलेही होते, पण मोबाइलच्या चार्जरसारखा तो कोठेही चालेल अशा समजुतीने मी तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात खोचला. मिनिटभरात जळक्या वार्निशाचा वास सुटला. मोबाइलचे चार्जर १०० ते २४० असा सारा टापू स्वीकारतात. प्रत्यावर्ती वीज देणारे जुन्या पद्धतीचे, आत केवळ तांब्याची वेटोळी असलेले ठोकळे तसे करीत नाहीत, आणि चांगल्या विवर्धकांपैकी पुष्कळांना असेच ठोकळे लागतात. परदेशातून मागवताना हा एक आकडा तपासला तर बाकीच्या दहा आकड्यांचा विचार करण्याइतका काळ यंत्र जिवंत राहते.

वीजपुरवठ्याचा दुसरा उपद्रव गुणगुणीचा. संगणक एका बोर्डात, विवर्धक दुसऱ्यात, आणि त्यांना जोडणारी तार तिसऱ्याच बाजूने आलेली, असे असले की जमिनीच्या दोन जोडण्यांमधून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो आणि खर्जात एक अखंड घुमारा बसतो. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर आणावीत. तेवढ्याने भागले नाही तर संगणक आणि डॅक यांच्यामध्ये प्रकाशतंतूची जोडणी वापरावी, कारण काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही. तिसरी पिन कापून टाकण्याचा जो उपाय काही मिस्त्री सुचवतात तो मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये; गुणगुण थांबते हे खरे, पण पेटीला जो धक्का बसायचा तो मग हाताला बसतो.

संतुलित जोडणीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण हल्ली प्रत्येक दर्शनी पट्टीवर चार खिळ्यांचे किंवा ४.४ मिलिमीटरचे छिद्र मिरवले जाते. यात प्रत्येक कानासाठी दोन विवर्धक परस्परविरुद्ध दिशेने काम करतात, त्यामुळे उपलब्ध दाब दुप्पट होतो; त्याबरोबर उगमसंरोधही दुप्पट होतो, हे मात्र छापत नाहीत. एच.ई. ६सारख्या खादाडाला ही सोय उपयोगी आहे. इतरांना तिच्यामुळे लाभ होतो तो बहुधा इतकाच की, त्या यंत्रांत उत्तम प्रतीची मंडले त्याच छिद्रामागे बसवलेली असतात. एक सावधगिरी: संतुलित छिद्राला जोडतुकडा लावून त्यात साधी तीन वलयांची खुंटी कधीही खुपसू नये, कारण त्या खुंटीत दोन्ही कानांच्या परतीच्या तारा एकत्र असतात आणि विरुद्ध विवर्धकांची तोंडे एकमेकांवर आपटून मंडल निकामी होऊ शकते.

स्थिरविद्युत् हेडफोनांचा, जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० साली बाजारात आणलेल्या जातीचा, येथे प्रश्नच नाही. त्यांच्यातल्या आजच्या हेडफोनांच्या पडद्याला ५८० व्होल्टचा स्थिर दाब लागतो, तो पुरवणारे यंत्र त्याच जातीचे असते आणि खरेदीही बहुधा दोहोंची एकदमच होते. ज्याला ती परवडते त्याला या प्रकरणाची गरज नाही.

जे आकड्यांपेक्षा हातांवर अधिक विसंबतात त्यांना दोन नावे सांगून ठेवतो. चू मोय नावाच्या अमेरिकी हौशी गृहस्थांनी १९९०च्या दशकात ऑप-अँप जातीच्या एका एकात्म मंडलाभोवती, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, इतका सुटसुटीत विवर्धक रचला की जगभरच्या विद्यार्थ्यांनी तो पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवला. सी-मोय या नावाने तो ओळखला जातो. पुढे २०११ साली एका अनामिक अभियंत्याने ऑब्जेक्टिव्ह टू या विवर्धकाची संपूर्ण रचना, मोजमापांसह, सर्वांसाठी खुली केली. महागड्या यंत्रांच्या तोडीची मोजमापे थोडक्या खर्चात मिळू शकतात हे त्याने सिद्ध करून दाखवले, आणि पुढच्या वर्षी तो जो मौनात गेला तो पुन्हा बोललाच नाही. आज स्वस्त विवर्धक इतके चांगले निघतात याचे श्रेय कोणाला द्यायचे झाले तर त्यातला मोठा वाटा मी या दोघांच्या पदरात टाकीन.

शक्तीचा साठा बाळगणाऱ्याने कानांचाही हिशेब ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली घातलेली मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला तास निम्मे होतात: ८३ला २०, ८६ला १०. ११० डेसिबलची सोय क्षणिक शिखरासाठी आहे, मुक्कामासाठी नाही.

आता खर्चाचे. माझा निवाडा असा आहे की, विवर्धकावर हेडफोनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम घालण्याचे कारण एच.ई. ६सारखे मोजके अपवाद वगळता कोणालाच नाही. दहा हजारांत दोन व्होल्टच्या वर दाब, १ ओहमच्या खाली उगमसंरोध, कमी विवर्धनाचा खटका आणि शांत पार्श्वभूमी एवढे मिळत असेल तर त्यावरचा प्रत्येक रुपया अधिक चांगल्या हेडफोनकडे वळवावा, कारण दोन हेडफोनांमधला फरक शेजारच्या खोलीतल्या माणसालाही सांगता येतो. नलिकेचा दिवा अंधारात सुंदर दिसतो म्हणून कोणी तो घेणार असेल तर त्याने तसे मोकळेपणाने म्हणावे, आणि खुशाल घ्यावा.

दुकानात जाताना मात्र आपला हेडफोन बरोबर घेऊन जावे, आणि अगदी हळू आवाजात, कळ जेमतेम उघडून, तानपुऱ्याचे एखादे ध्वनिमुद्रण दोन मिनिटे ऐकावे. तानपुरा मधोमध बसला आणि मागे गुणगुण नसली, तर बिल करायला सांगावे.